ह्यांचा फोन अजून चार्जिंगला लावते

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ६६. घरी शिवणवर्ग चालवत असत. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, चौदा महिन्यांपूर्वी गेले. बँकेचं सगळं तेच नेटबँकिंगवर बघायचे. खातं दोघांच्या नावावर आहे, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर यजमानांचा. युजर आयडी आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहून ठेवलेले. लाइटबिल किंवा सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा असला की ताई टेबलाच्या खणातून त्यांचा फोन काढतात, त्यावर आलेला ओटीपी बघून टाकतात आणि फोन परत ठेवून देतात. दर २८ दिवसांनी त्यावर रिचार्जही मारतात. मुलगा इंग्लंडला रेडिंगमध्ये असतो. तो म्हणतो, "आई, खात्याला माझा नंबर लाव, मी इथून सगळं बघतो." नाहीतर म्हणतो, "आमच्याकडे बँक कॅल्क्युलेटरएवढं यंत्र देते, तसलं तिथे माग." शेजारच्या काकांचे पैसे मध्यंतरी 'आज रात्री वीज तोडू' अशा मेसेजपायी गेले, तेव्हापासून ताईंना स्वतःच्या फोनचीच धास्ती बसली आहे. त्या विचारतात, "मी करते ती चोरी आहे का? माझ्या फोनवर हे सगळं करायचं तर मला जमणार नाही. मुलाच्या हाती सगळं द्यावं तर मिंधेपणा वाटतो, न द्यावं तर त्याला वाटेल आईचा विश्वास नाही. आणि खरं सांगू का, ह्यांचा फोन बंद करवत नाही."

ताई,

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंय. मला मात्र वाटतं, सगळं पत्र त्या एका वाक्यासाठीच लिहिलंय. त्याच्याकडे येते. आधी पैशांचं बोलू.

चोरी नाही. खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीचं असेल, आणि नवरा-बायकोची खाती बहुधा तशीच असतात, तर त्यातले पैसे काढण्याचा हक्क तुम्हाला आधीही होता आणि आजही आहे. गोची वेगळीच आहे. तुम्ही शिरता त्यांच्या युजर आयडीनं आणि होकार देता त्यांच्या फोनवरून. बँकेच्या दप्तरात गेले चौदा महिने लाइटबिल भरताहेत ते तुम्ही नव्हे, ते. उद्या एखादा व्यवहार फसला आणि "हा मी केलेला नाही" असं सांगायला तुम्ही शाखेत गेलात, तर पहिला प्रश्न येईल, की हा केला कोणी? त्याचं खरं उत्तर तुम्हाला अडचणीत टाकणारं आहे. (हे वाचणाऱ्या कुणाचं खातं एकट्या गेलेल्या माणसाच्याच नावावर असेल, तर त्यांनी मात्र हे आजच थांबवावं. त्या पैशांत इतर वारसांचा वाटा असू शकतो आणि तिथे गोष्ट गोचीवर थांबत नाही.)

कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, म्हणजे सगळीकडे कळवून झालं, असं तुम्ही लिहिता. कोषागाराला कळलं म्हणजे बँकेच्या शाखेला कळलं असं नसतं हो. मी तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. ही दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं पाठवत असतील असं बाहेरून वाटतं खरं. मधली पोस्टमनगिरी शेवटी घरच्यांनाच करावी लागते.

तिथलीच एक आठवण सांगते. आमच्या शाखेत एक आजोबा दर महिन्याला पेन्शन न्यायला यायचे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना नावानं ओळखायचे. एका वर्षी अर्धांगाचा झटका आला, हात थरथरायला लागला आणि स्लिपवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळेना. आजोबा समोर खुर्चीत बसलेले, मी त्यांना चहा दिलेला, आणि तरी पैसे देता येईनात. अंगठा, दोन साक्षीदार, नवा फॉर्म. ते चिडले, "तू मला ओळखत नाहीस का गं?" ओळखत होते की. पण मी ओळखते आणि बँकेला ओळख पटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला माणूस दिसत नाही, त्याची खूण दिसते. तेव्हा ती सही होती. आता ती तुमच्या खणात चार्ज होऊन पडली आहे.

ओटीपीकडे तुम्ही सुरक्षेचं कुलूप म्हणून बघता. मी त्याला सही म्हणते. पासवर्ड ही माहीत असलेली गोष्ट, फोन ही हातात असलेली गोष्ट आणि अंगठा किंवा चेहरा ही अंगाचीच गोष्ट. यातल्या निदान दोन जुळल्या की बँक म्हणते, हं, तुम्हीच. आपल्याकडे कार्डानं ऑनलाइन खरेदी करताना ही दुसरी खूण २००९ पासून सक्तीची आहे. लॉकरला कशा दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची, तसंच हे. फरक इतकाच, की इथे तुमची किल्ली ज्याच्या हातात, तोच तुम्ही ठरता. यंत्र माणूस ओळखत नाही. ते स्वतः कुणाच्या हातात आहे तेवढंच सांगतं, आणि ज्यांच्या हातात ते असल्याचं बँकेला वाटतंय, ते आता नाहीत.

आता चिरंजीवांच्या यंत्राचं. ते सांगतात ते खरं आहे आणि यंत्र छानही आहे. ब्रिटनमध्ये बार्कलेजनं २००७ मध्ये खातेदारांना असं वाचक-यंत्र दिलं. आपलं कार्ड त्यात खुपसायचं, पिन दाबायचा, मग पडद्यावर आकडे येतात ते संगणकावर टाकायचे. दुसरा प्रकार किल्लीच्या जुडग्याला लावता येईल एवढ्या टोकनचा. त्याच्या पोटात एक गुप्त संख्या आणि एक घड्याळ असतं, दोन्हींचं गणित होऊन दर तीस किंवा साठ सेकंदांनी नवे आकडे येतात. बँकेचा संगणकही तेच गणित करत असतो, म्हणून जुळतं. सिम नको, रेंज नको. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की नव्या माणसाला पैसे पाठवायचे असतील तर काही बँकांच्या यंत्रात त्याचा खाते क्रमांक किंवा रक्कमही दाबावी लागते. मग येणारा कोड तेवढ्याच व्यवहाराला चालतो, दुसऱ्या कशालाही नाही.

आपल्याकडे अशी यंत्रं कंपन्यांच्या खात्यांना मिळतात, तुमच्या-माझ्यासारख्यांना बँका सहसा देत नाहीत. तिकडेही आता यंत्राची जागा फोनमधलं अॅप घेतंय. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत एसएमएसवरचा ओटीपी बंद केलेला नाही, त्याच्या जोडीला इतर मार्गांनाही वाट करून दिली आहे. तेव्हा सांगलीच्या शाखेत जाऊन यंत्र मागण्यात दम खर्च करू नका. त्या यंत्रातली आवडलेली गोष्ट मात्र तुम्ही फुकट घेऊ शकता. ओटीपीचा मेसेज आला की आकडे सगळ्यात शेवटी वाचायचे. आधी रक्कम, मग पैसे कुणाला चाललेत ते, आणि मग आकडे. बहुतेक मेसेजांत हे लिहिलेलं असतं आणि बहुतेक माणसं ते वाचत नाहीत.

शेजारच्या काकांचं नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. या वीज तोडण्याच्या प्रकारात बहुधा दोनपैकी एक घडतं. माणूस फोनवरच्या 'साहेबां'ना ओटीपी वाचून दाखवतो, किंवा त्यांनी पाठवलेलं अॅप फोनमध्ये घेतो आणि मग आपल्या फोनचा पडदा त्यांना तिकडे दिसायला लागतो. कुलूप कुणी तोडत नाही, आतून कडी काढून दिली जाते. म्हणजे फोन स्वतःजवळ असणं हा धोका नव्हता. घाई हा धोका होता. कुठलंही वीजमंडळ रात्री साडेनऊला ओटीपी मागत नाही. पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिनही लागत नाही आणि ओटीपीही. ते लागतात जाणाऱ्या पैशांना.

त्या खणातल्या फोनमध्ये आणखी एक भोक आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. खात्यातून पैसे गेले की मेसेज येतो तोही त्याच फोनवर. तुम्ही तो उघडता बिल भरायच्या दिवशी. मधले पंधरा-वीस दिवस बँक खणाशी बोलत असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर खातेदाराला भुर्दंड नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ बसते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं. खणातल्या फोननं हे तीन दिवस कसे मोजायचे?

मुलाच्या नंबरची गोष्टही इथेच अडते. तुम्ही तिला विश्वासाची कसोटी करून ठेवलंय, त्यानंही केलंय बहुतेक. ती तशी नाही. तुम्ही पन्नाशीच्या होता तेव्हा तुमच्या चेकवर तुमच्या नावाची सही त्यानं केली असती, तर चाललं असतं का? प्रेमानं केली असती तरी? त्याच्या फोनवरून दिलेला ओटीपी म्हणजे तेच. शिवाय त्याच परिपत्रकात आपल्या गुप्त खुणा दुसऱ्याला दिल्यानं झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, खातेदाराच्याच माथी ठेवलंय. तो दुसरा पोटचा मुलगा असला तर सूट, असं त्यात कुठे नाही. आणि व्यवहाराचं बोलायचं तर हिवाळ्यात तुमचे सकाळचे आठ म्हणजे त्याचे रात्रीचे अडीच. औषधवाल्याला चारशे रुपये द्यायला पोराला झोपेतून उठवणार? उठवणार नाही तुम्ही. औषधच दुपारवर ढकलाल. मिंधेपणा वाटतो म्हणता ना, तो इथून सुरू होतो. तुमचं वाटणं अगदी बरोबर आहे.

त्याला वाटा द्यायचा तर बघण्याचा द्या. बऱ्याच बँकांत 'फक्त पाहण्याचा' हक्क देता येतो, तुमच्या बँकेत आहे का ते विचारा. नसला तर महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर पासबुक समोर धरून दोघांनी नोंदी वाचा. मला तर हेच जास्त आवडेल.

राहिलं "मला जमणार नाही". ताई, गेले चौदा महिने तुम्ही एका यंत्रावर पासवर्ड टाकता, दुसऱ्यावर आलेले आकडे वाचता आणि मुदत संपायच्या आत ते पहिल्यावर भरता. हे ज्याला जमतं त्याला एकाच फोनवर सगळं करणं सोपंच जाईल. शिकायचं होतं ते तुम्ही शिकून बसलात, कुणी तुम्हाला तसं सांगितलं नाही एवढंच.

तर माझं मत असं. खात्याला तुमचा स्वतःचा नंबर लावा, तुम्ही बाजारात जाताना बरोबर नेता तोच. त्यासाठी शाखेत जा. महिन्याचे पहिले सात-आठ दिवस पेन्शनची गर्दी असते, ते टाळा. मृत्यूचा दाखला मूळ आणि दोन-तीन प्रती, तुमचं आधार, पॅन, पासबुक, दोन फोटो एवढं न्या. त्यांचं नाव कमी करून खातं तुमच्या नावावर राहू देण्याचा अर्ज, नंबर बदलण्याचा अर्ज आणि तुमच्या नावाच्या नव्या युजर आयडीचा अर्ज एकाच फेरीत द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. दाव्याचे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना बजावलं आहे. कोणी "पुढच्या महिन्यात या" म्हणालं तर ही ओळ गोड आवाजात ऐकवा. नंबर बदलण्याचं काम फोनवर आलेल्या कुठल्याही लिंकवरून करायचं नाही. बँकेचं संकेतस्थळ उघडायचंच झालं तर पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा संपतो का ते बघा. वारसनोंद कुणाची आहे तेही बघा, नसेल तर नवी करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याच्या वारसनोंदीत चार जणांपर्यंतची नावं देता येतात.

शक्य असेल तर खाती दोन करा. निवृत्तिवेतन आणि ठेवी आहेत त्या खात्याला नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवा किंवा ठेवूच नका. दुसरं लहान खातं घरखर्चाचं, त्यात महिन्याला दहा-पंधरा हजार, आणि फोनवरचं सगळं त्याच खात्याला जोडलेलं. वाईटात वाईट झालं तरी महिन्याचा किराणा जाईल, आयुष्याची पुंजी जाणार नाही. शेजारच्या काकांनी हे केलं असतं तर आज तुम्ही इतक्या घाबरल्या नसता. एटीएम कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद ठेवता येतात, तेही शाखेत बंद करून घ्या.

पहिला व्यवहार शिवणासारखा करा, आधी कच्चा धावदोरा. फोनवरून लहान खात्यातून मोठ्यात दहा रुपये पाठवा. नाव बरोबर दिसलं, दोन्हीकडे मेसेज आले, पासबुकात नोंद दिसली, की मग पक्की शिलाई. चार वेळा केलंत की हात बसेल.

आधारच्या अंगठ्यावरही काही ठिकाणी पैसे निघतात, आणि तिथे ओटीपी विचारत नाहीत. आधारच्या अॅपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात. फक्त नोव्हेंबरात हयातीचा दाखला यंत्रावर द्यायचा असेल तर आधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर यंत्र म्हणेल तुम्ही तुम्ही नाहीच.

आता त्यांचा फोन.

बंद करू नका. कुणी सांगितलं बंद करायला हवा म्हणून? त्यात त्यांचे फोटो असतील, आवाज असेल, बाजारातून काय आणू असं विचारलेले मेसेज असतील. जड झालंय ते फोनचं असणं नाही. दर २८ दिवसांनी, रिचार्ज चुकला तर खात्याचं काय, ही धाकधूक जड झाली आहे. आणि ती धाकधूक खरी आहे. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि त्यानंतर आणखी ९० दिवस उलटले की तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये दूरसंचार प्राधिकरणानं हेच सांगितलं होतं. मग तुमच्या खात्याचे ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतील.

मृत्यूचा दाखला आणि तुमची ओळखपत्रं दाखवून तो नंबर तुमच्या नावावर करून घेता येतो. कंपनीच्या दुकानात जाऊन करा, कोपऱ्यावरच्या टपरीवर नको. मात्र क्रम पाळा. आधी बँकेतला नंबर बदलून पक्का होऊ द्या, मगच सिमला हात लावा, कारण नवं सिम मिळालं की सुरुवातीचे २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. बँकेचा नंबर बदलताना त्याच फोनवर मेसेज येणार असेल तर अडकाल. गॅसचं बुकिंग, लाइटबिल, विमा, त्यांचा ईमेल, हे सगळंही त्याच नंबरला बांधलेलं असेल. एकेक करून सोडवा, वर्ष लागलं तरी चालेल. तुमच्या फोनमध्ये दोन सिम बसत असतील तर त्यांचं तिथे दुसऱ्या जागी ठेवा.

डायरी शाखेत नेऊ नका. काउंटरवर कुणीतरी "बघू पासवर्ड" म्हणेल आणि तुम्ही भिडस्तपणे पान उघडाल, मला माहीत आहे. नवा पासवर्ड तुमचा तुम्ही ठरवा, मुलाच्या जन्मतारखेचा नको. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठळक अक्षरांत पासवर्ड नव्हे, १९३० हा फोन नंबर लिहा. सायबर फसवणूक झाली की लगेच फिरवायचा नंबर. शेजारच्या काकांनाही द्या, त्यांनी तेव्हा फिरवला होता का ते विचारा.

आणि चिरंजीवांना सांगा, यंत्र पाठवायचंच असेल तर एक चांगला चार्जर पाठव. त्यांच्या फोनचा जुना झाला असेल.